रोटाची वाटेकरीण

“जनावर आन् पॅसिंजर, दोन्ही सारखेच रे जीवराम. आरडलं का बिथरतात, गप बसलं का आपसूक चढतात.”

हिलाल ड्रायव्हरने हे वाक्य म्हटलं त्याला आता पस्तीस वर्षं झाली. तेव्हा यावलच्या रस्त्यावर त्यांच्या एस.टी.पुढे एक म्हैस फतकल मारून बसली होती. दोन्ही अंगांना केळीच्या बागा, मधे म्हैस आणि मागे बावन्न माणसं. हिलालने हॉर्नला बोट लावलं नाही. बिडी पेटवली आणि म्हशीकडे अशा अदबीने बघत बसला, जशी काही तीच त्याच्या रजेचा अर्ज मंजूर करणार होती. शेवटी म्हैस उठली. उठायला तिने सव्वा तास घेतला आणि तोवर निम्मे पॅसेंजर पायी यावलला पोचून जेवायलाही बसले होते, पण हा भाग जीवराम नानांच्या लक्षातच राहिला नाही. त्यांच्या कानात राहिला तो हिलालचा धीमा, धुराने खरखरलेला सूर. त्या सुरावर विसंबून त्यांनी म्हातारपणी एक कुत्री घरी आणली.

नाना कंडक्टर. तेहतीस वर्षं माणसांच्या गर्दीत कोपराने वाट काढत जगलेला माणूस. रिटायर झाले आणि मेहरूणच्या त्या तीन खोल्या नि एका माडीच्या घरात येऊन बसले, तेव्हा त्यांना कळलं की घर म्हणजे शेवटच्या स्टॉपवर रिकामी झालेली गाडी. मुलगी नूतन चाळीसगावला दिलेली, मुलगा भूषण पुण्यात. उरले नाना आणि लताबाई. दोघांत मिळून दिवसाला वीस वाक्यं होत, त्यातली बारा भाजी कोणती यावर. भिंतीवरचं घड्याळ इतक्या मोठ्याने चालायचं की नानांना वाटे, याला एकदा ‘जरा पुढे सरका’ म्हणून सांगावं.

अशातच एका सकाळी मेहरूण तलावाकाठी फिरताना त्यांना मांडव दिसला. ‘मुक्या जिवांना घर द्या’ असा फलक, मांडवात पिलांची ही झुंबड, आणि चष्मा लावलेली एक मुलगी वही घेऊन बसलेली. तिचं नाव मयुरी. सगळी पिलं येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांत लुडबुडत होती. एकटी एक कुत्री मांडवाच्या कोपऱ्यात, खांबाला नाक टेकवून, जगाकडे पाठ करून बसली होती. शाळेत शिक्षा झालेल्या पोरीसारखी. रंग भुईमुगाच्या भाजलेल्या शेंगेचा, एक कान उभा, एक पडलेला.

“ही लाजाळू आहे काका,” मयुरी म्हणाली. “दहा महिन्यांची. पण अंगात ताकद फार.”

“लाजाळू आणि ताकद, दोन्ही?”

“दोन्ही. कोणी बघत असलं की लाज, बघत नसलं की ताकद.”

“नाव काय हिचं?”

“यावल.”

“गाव नाही, नाव विचारलं.”

“नावच यावल. यावलच्या बसस्टँडवर सापडली म्हणून. बावीस कुत्री आहेत काका आमच्याकडे, नावं पुरत नाहीत. भुसावळ कालच एका डॉक्टरांकडे गेला.”

नानांनी पुन्हा त्या पाठीकडे बघितलं. पाठीचा मणका नि मणका त्यांना मोजता येत होता. मयुरीने सांगितलं की लसी झाल्यात, पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशनही झालंय. फक्त घाई करायची नाही. “ज्या दिवशी ती आपणहून हातातलं खाईल, त्या दिवशी समजा ती तुमची झाली.”

“पंधरा दिवस,” नाना म्हणाले आणि सही ठोकली. “तुला सांगतो पोरी, पंधरा दिवसांत ही माझ्या हातावर भाकर खाईल. एका दमात बावन्न माणसं सरळ केलेला माणूस आहे मी.”

लताबाई दारातच उभ्या होत्या, हातात पिठाची परात. नाना रिक्षातून उतरले, त्यांच्यामागून कुत्री उतरली, आणि सरळ जाऊन रिक्षाच्याच खाली बसली.

“हे काय आनलं?”

“कुत्री आहे.”

“ते दिसून राह्यलं मले. नाव काय?”

तेहतीस वर्षांत नाना तिकीट तपासनिसाला घाबरले नव्हते. आता ते रिक्षाच्या चाकाकडे बघत बोलले. “यावल.”

परात उंबऱ्यावर टेकली. “माह्या माहेराचं नाव? कुत्रीला?”

“मी नाही ठेवलं. ती नाव घेऊनच आली.”

“मीबी तिथूनच आले. मले कोनी यावल म्हनत नाही.”

रिक्षावाला म्हणाला, “काका, गाडी काढू का? तुमचं माणूस अजून खाली आहे.” तेव्हा कुठे हा विषय थांबला.

रात्रीपर्यंत अटी ठरल्या. कानबाई सतरा दिवसांवर आली होती. श्रावणातल्या त्या रविवारी सगळं कूळ एका घरी जमतं, देवी बसते, रोट होतात. आणि यंदा पाळी नानांच्या घरची होती. लताबाईंनी बोट दाखवून सांगितलं, “त्या पोरीनं सांगितलं ना, हातातलं खाईल तेव्हा आपली? मग कानबाई बसेपर्यंत खाल्लं तर राहील. नाही खाल्लं तर सोमवारी देवी बोळवली का हिलेबी बोळवून या. आन् मी तिले हात लावनार नाही, हे आजच सांगते.”

“सतरा दिवस? दोन उरतीलच,” नाना म्हणाले.

यावल तोवर दिवाणाखाली गेली होती.

दुसऱ्या दिवसापासून हिलालची पद्धत सुरू झाली. नाना दिवाणासमोर मांडी घालून बसत, तळहात पुढे, तळहातावर भाकरीचा तुकडा, डोळे अर्धे मिटलेले. बोलायचं नाही, हलायचं नाही. दिवाणाखालच्या अंधारात दोन बटणं चमकत. एक तास जाई. दोन तास जात. हाताला मुंग्या येत, मग मुंग्याही कंटाळून निघून जात आणि हात कोपरापासून परक्याचा होई. बटणं जागची हलत नसत.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या प्रेमराजने खिडकीच्या जाळीतून बघितलं. म्हातारा माणूस, डोळे मिटलेले, हात पसरलेला. तो बिचारा हळूच आत आला आणि तळहातावर एक केळं ठेवून, नमस्कार करून निघून गेला. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी होती की नानांनी मौन घेतलंय. चौथ्या दिवशी दोन केळी आणि एक खडीसाखरेची पुडी जमली. पाचव्या दिवशी एक बाई सुनेला घेऊन आली आणि म्हणाली, “नानाजी, हिच्या डोक्यावर हात ठेवा.” नानांचा हात तेव्हा बधिर होता, त्यामुळे तो सुनेच्या डोक्यावर ठेवला गेला तो पंधरा मिनिटं उचलताच येईना. सून भारावून गेली.

हे झालं लाजेचं. ताकदीचा कारभार निराळा.

नाना आंघोळीला गेले, दाराची कडी वाजली, की दिवाणाखालून भुईमुगाच्या रंगाची एक वावटळ उठे. दिवाण, टीव्ही, स्वयंपाकघर, माडीचा जिना, गच्ची, परत जिना, परत दिवाण. एक फेरी अडीच मिनिटांची. नाना अंगाला साबण लावून उभे राहत आणि आवाजावरून स्टॉप ओळखत. दहाव्या फेरीला कडी निघे आणि बाहेर यावं तर सगळं चिडीचूप. दिवाणाखाली दोन बटणं, अगदी साळसूद. फक्त उशीतला कापूस घरभर असा फुललेला, की वाटावं यंदा वेचणी इथूनच सुरू होणार. चपला ती पळवायची, पण जोडातली एकच. त्यामुळे घरात येणारा प्रत्येक पाहुणा जाताना एका पायाने लंगडत जाई आणि लंगडत गेल्यामुळे परत येत नसे. दहाव्या दिवसापर्यंत आठ चपला जमल्या होत्या, आठही डाव्या.

आणि फिरायला नेणं. कुत्री पट्ट्याला हिसडा देऊन पुढच्या वळणाला पळाली, की नानांच्या छातीतून तेहतीस वर्षांची आरोळी आपोआप सुटे, “यावल, यावल, यावल, यावल! चला यावल!” पहिल्या दिवशी वळणावरच्या बसस्टॉपवरची एक म्हातारी गाठोडं घेऊन उठली. दुसऱ्या दिवशी चौघं उठली, त्यातल्या एकाने सुटे पैसेही काढून ठेवले. तिसऱ्या दिवशी एकाने विचारलं, “रावेरला लागेल का ही?” एवढी माणसं आपल्यामुळे गोळा झालेली बघून यावल लाजेने मेल्यासारखी होई आणि नानांच्या दोन पायांच्या मधून घरी यायला निघे. नाना घोड्यावर बसल्यासारखे तिच्यामागून येत.

बारा दिवस झाले, तेरा झाले. भाकर हातावर वाळून कडक होई, तुकडा तसाच. नाना काळजीने बारीक झाले. कुत्री मात्र गोल होत चालली होती.

“लता, ही काही खात नाही. मग अंग कसं भरतंय हिचं?”

“हवा खात असंल,” लताबाई चुलीकडे तोंड करून म्हणाल्या. “फुगली दिसते ना. हवाच.”

रात्री नाना दिवाणावर आडवे होत. खाली एक श्वास चाले, बारीक, लयीत. घड्याळाचा आवाज आता ऐकू येत नव्हता. नानांच्या मनात येई, सोमवारी हा श्वास गेला की ते घड्याळ पुन्हा सुरू होईल. आणि मग ते हळूच, लताबाईंना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणत, “अगं, एक घास. एकच घे. तुझ्या पाया पडतो.” खालचा श्वास तसाच लयीत चाले.

शनिवारी धुळ्याकडून रुपचंद आबा आले. कुळात सगळ्यांत थोरले, वय ऐंशी, पांढरी टोपी, हातात काठी. नानांचे चुलत भाऊ, पण बाप गेल्यापासून बापाच्या जागी. आल्या आल्या त्यांची काठी दिवाणाखाली गेली.

“आठे काय शे रे, जीवराम? काडी कोन्ही धरी?”

“कुत्री आहे आबा. लाजाळू आहे.”

“लाजाळू शे त काडी सोडाले सांग तिले.”

काठी सुटेना. ओढाताणीत काठीचं टोक निम्मं झालं. आबा म्हणाले, “देवीना घरमा कुत्री नको. सकाय वर कोंड.” नाना हो म्हणाले. सकाळपासून माडीवर कोंडायची, किल्ली लताबाईंच्या कमरेला, असं ठरलं.

रोटाचा नियम या कुळात तिखट. कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात पडायचा. त्याचं पीठ, त्याचे तुपातले जाड, गोड रोट, माणशी एक. तो फक्त कुळाने खायचा. परक्याच्या तोंडी कणही जाता कामा नये. खरकटं पाणीसुद्धा खड्डा करून पुरायचं. लग्न झालेली लेकसुद्धा परकी. नूतन चाळीसगावहून मदतीला आली होती, तिच्यासाठी वेगळा वरणभात शिजत होता.

“पंचवीस वर्षं याच घरात जेवले मी,” ती म्हणाली.

“त्या वेळी तू आमची होतीस,” नाना म्हणाले, आणि तिने असं बघितलं की ते देवघर पुसायला गेले.

दुपारी आबा पाटावर बसले. डोळे मिटून, एकेक पिढी आठवत, एकेक नाव उच्चारू लागले, आणि घरची म्हणून लताबाई प्रत्येक नावाला सुपात मूठ टाकू लागल्या. बायका ओवी धरून बसल्या होत्या:

*कानबाई माझी माय, सोन्या-पितळाचं ताट,*
*सव्वा मुठीच्या दाण्यात, नऊ गावांचं गं पीठ.*

आबांचा आवाज, दाण्यांची सळसळ आणि ओवी अशी काही एकात एक मिसळली, की नानांनाही डुलकी लागली. तेवीस पुरुष झाले. आबांनी डोळे उघडले. सूप दळायला गेलं.

रविवारी दिवेलागणीला देवी बसली. नारळाला डोळे, नथ, हिरवं लुगडं, गळ्यात मोत्यांची माळ, चौरंगाला केळीचे खांब. बाजूच्या टोपलीत रोटांची चळत, वर नवंकोरं धोतर. घरात चाळीसेक माणसं, खिडकीच्या जाळीला शेजारपाजार. आबांनी आरती उचलली, टाळ्या सुरू झाल्या. नाना टाळ्या वाजवत होते, पण मन माडीवर होतं. सतरा दिवस संपले होते. उद्या सकाळी देवी, आणि मग ती.

आरतीच्या तिसऱ्या कडव्याला जिन्यावर पावलं वाजली. टप, टप, टप. नंतर दारात यावल उभी राहिली. एक कान वर, एक खाली. तोंडात अर्धा रोट.

टाळ्या थांबल्या. एक टाळी उशिरा वाजली आणि तीही लाजली.

चाळीस माणसांचे ऐंशी डोळे एकदम आपल्याकडे, हे त्या बिचारीने आयुष्यात बघितलं नव्हतं. ती गोठली. आणि मग ताकद आली. दिवाण, टीव्ही, स्वयंपाकघर; पण या वेळी रस्त्यात माणसं उभी होती. पहिल्या फेरीत नानांचा एक साडू परातीत बसला. परातीत आमटी होती. दुसऱ्या फेरीत आबांच्या धोतराचा सोगा तिच्या पायांत अडकला आणि आबा गिरकी घेऊन पुन्हा आपल्याच जागी आले. तिसऱ्या फेरीला ती दिवाणाखाली शिरली. रोट तोंडात तसाच.

“तिना तोंडमा काय व्हतं?” आबांनी विचारलं.

बायकांनी पदर तोंडाला लावले.

“रोट व्हता,” आबांनीच उत्तर दिलं. “परकानी रोट खादा.”

यावर काय करायचं असतं ते कोणालाच माहीत नव्हतं, कारण असं पूर्वी कोणी होऊच दिलं नव्हतं. एक पुतण्या म्हणाला, परकी कशी, घरातलीच आहे. दुसरा म्हणाला, घरातली असली तरी बाईमाणूस. लग्न झालं असेल तर परकी.

“लगीन व्हयेल शे का तिनं?” आबांनी नानांना विचारलं. सगळं कूळ नानांकडे बघू लागलं.

“नाही आबा. ऑपरेशन झालंय. होणारही नाही.”

“मंग कुवारी पोर रोट खाऊ शकस,” आबा विचार करत म्हणाले.

“पण ती यावलची,” आमटीत बसलेले साडू ओरडले. “म्हणजे लताबाईच्या माहेरची. कूळच वेगळं.”

“एक मिनिट,” नूतन म्हणाली. “तिला चालतो की नाही यावर बैठक बसते, आणि मला नुसता वरणभात?”

या गोंधळात कोणाला तरी सुचलं: रोट मोजा. टोपलीवरचं धोतर काढलं. पहिल्याने मोजले ते बावीस भरले, दुसऱ्याने चोवीस. तेव्हा नूतनने, ती परकी असल्यामुळे हात न लावता, दुरून बोटाने मोजले. तेवीस. पुन्हा तेवीस. एकही कमी नाही.

“तेवीस इथे, मग तिच्या तोंडात कुठला?”

सगळ्यांनी एकदा टोपलीकडे, एकदा दिवाणाखाली बघितलं. समईची वात चुरचुरली तेवढीच. आणि खिडकीच्या जाळीतून प्रेमराजचा आवाज आला, अगदी हळू, “नाना, देवीनेच दिला.”

त्यानंतर जे सुरू झालं ते आवरणं कोणाच्याच हातात राहिलं नाही. एका काकूंनी दिवाणापुढे हळदकुंकू वाहिलं. दुसरीने देवीच्या गळ्यातली एक माळ काढून दिवाणाच्या पायाला घातली. दर्शन घ्यायचं तर पोटावर पालथं पडावं लागे, म्हणून माणसं ओळीने पालथी पडू लागली. साडू आमटीसकट पालथे पडले. गल्लीतून रांग लागली. एका म्हाताऱ्याने पोराच्या नोकरीचं विचारलं आणि दिवाणाखालून शेपटी एकदा जमिनीवर आपटली. “हो म्हणाली,” रांगेने आपसांत सांगितलं. मौनात बसणाऱ्या नानांची ती पुण्याई, हेही कोणीतरी जोडून दिलं. आपल्यापुढे ओळीने येणारी ही उपडी तोंडं बघून यावल भिंतीला अशी चिकटली की जणू पोपडाच.

आणि नाना? नानांना दिसलं की गाडी आपल्या स्टॉपवर थांबली. देवीनेच दिलेली कुत्री, आता कोण सोमवारी पोचवतंय! त्यांची छाती भरून आली. तिथेच त्यांची जीभ घसरली.

“मी तर मांडवातच ओळखलं होतं,” ते चारचौघांत म्हणाले. “पाठ फिरवून बसली होती. साधी कुत्री नव्हे ही. तेज होतं.”

“तू बी बघं ना ते?” आबांनी विचारलं.

“स्पष्ट, आबा.”

“मंग ती आठे कशी ऱ्हाई?” आबा काठी टेकत उठले. “कुळनं मूळ घर धुळाकडे शे. देवीनी कुत्री मूळ घर ऱ्हाई. सकाय देवी बोळवी का मी तिले लई जासू.”

नानांच्या चेहऱ्यावरचं तेज विझलं. “पण आबा, ती लाजते.”

“देवीनी लाज शे ती.”

“उश्या फाडते.”

“आमना घर दोन डझन उश्या शेत.”

“चपला पळवते. डाव्याच. आठ नेल्या.”

हे ऐकून आबांनी हात जोडले. नाना जे जे वाईट सांगत, ते ते कूळ कौतुकाने ऐके. “आबा, तेज-बिज काही नव्हतं,” ते शेवटी म्हणाले. “मला नीट दिसत नाही. मोतीबिंदू आहे.” सगळ्यांनी मान डोलावली, एवढा विनय सिद्ध पुरुषालाच असतो. पुतण्या गाडीतून सुती दोर घेऊन आला. दोराला त्याने शेंदूर लावला होता.

नाना दिवाणापुढे पालथे पडले. रांगेत नव्हे, रांग मोडून. तळहात आत सरकवला. तळहातावर काहीच नव्हतं, भाकरही नाही. “ये ना गं,” ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मागच्या माणसाला वाटलं, मंत्र म्हणताहेत. दोन बटणं चमकली. हलली नाहीत.

पुतण्याने दोराचा फास केला.

“थांबा,” लताबाई म्हणाल्या.

आरती थांबल्यापासून त्या चौरंगापाशी बसून वाती वळत होत्या. वळलेल्याच वाती उलगडून पुन्हा वळत होत्या. थोरल्या जेठापुढे चाळीस वर्षांत त्या ‘हो’ आणि ‘चहा ठेवू?’ यापलीकडे बोलल्या नव्हत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

“आबा, चमत्कार नाही झाला. काल तुम्ही डोळे मिटून नावं घेऊन राह्यले होते. तेवीस झाली, आन् मी एक मूठ आनखी टाकली. तिच्या नावाची.”

आबांचं तोंड उघडं राहिलं. “लताबाई, मूठ माणूसनी ऱ्हास. बाईमाणूसनी नई ऱ्हास.”

“ठाऊक आहे. चाळीस वर्षं मीच मळते ते पीठ. माही मूठ राह्यली ते राह्यली. तिची कायले राहावी?”

खिडकीच्या जाळीतून प्रेमराज हळूच खाली सरकला. रांगेतली पालथी माणसं एकेक करून उठून गुडघे झटकू लागली.

“रोट मीच वर नेऊन दिला,” लताबाई म्हणाल्या. “माडीचं कुलूप लावायचं राह्यलं, एवढीच चूक झाली. माह्या हातातून खाल्ला तिनं. आन् आजच नाही. तिसऱ्या दिवसापासून खाते.”

नाना जमिनीवरूनच म्हणाले, “तू तर म्हणाली होतीस, हात लावणार नाही.”

“मी कुठं लावला? तोंड तिनं लावलं.” मग त्या पुतण्याकडे वळल्या, त्याच्या हातातला शेंदराचा दोर काढून घेतला आणि नीट गुंडाळून आपल्या मांडीखाली ठेवला. “दंड काय लावायचा तो लावा आबा, मी भरते. पोरगी माही आहे, ती कुठं जानार नाही. धुळ्याले कोनाले न्यायचंच असंल तर यांना न्या. यांच्या नावाची मूठ रीतसर पडलेली आहे.”